विष 'पचवणारी' झाडं: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. निकेल हा धातू अंगात साठवणाऱ्या झाडावरच्या माझ्या लेखाला तुमचे दोन आक्षेप आहेत. चिकात २५ टक्के निकेल असेल तर झाड जगेलच कसं, आकडा फुगवलेला आहे, हा पहिला. 'झाडं विष पचवतात' असं लिहिलं की नाल्यात रसायनं सोडणाऱ्यांना आयतंच निमित्त मिळतं, हा दुसरा.

आकडा मी सोडणार नाही. न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या पिक्नँड्रा ॲक्युमिनाटा या झाडाचा तो आहे, १९७६ साली 'सायन्स' नियतकालिकात आलेला. तो वाळवलेल्या चिकाचा आहे, हे मात्र मी स्पष्ट लिहायला हवं होतं. हे झाड आपल्या चिकूच्या कुळातलं. कच्चा चिकू देठाशी तोडला की बोटांना पांढरा चीक लागतो ना, तसा याच्याही सालीला खाच दिली की चीक येतो, पण निळसर हिरवा. मोरचुदाच्या पाण्यात हिरवी झाक मिसळावी तसा. तो रंग निकेलचा.

झाड मरत नाही, कारण निकेल त्याच्या अंगात मोकळं फिरत नाही. लिंबात असतं तेच सायट्रिक आम्ल त्याला धरून ठेवतं आणि ते चिकाच्या नळ्यांत साठतं. निकेल साठवणाऱ्या दुसऱ्या काही वनस्पतींत हिस्टिडीन हे अमिनो आम्लही निकेलला धरतं, आणि पानाच्या वरच्या थरातल्या पेशींच्या रिक्तिकांमध्ये, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशव्यांमध्ये, ते कोंडलं जातं. अन्न तयार करणाऱ्या पेशी त्यापासून बऱ्याच वाचतात. शेतकरी फवारणीचं औषध घरात ठेवतो, पण चुलीपाशी नाही, तसंच हे.

दुसरा आक्षेप मात्र पूर्ण बरोबर आहे. पचणं म्हणजे मोडणं, आणि निकेल, कॅडमियम, शिसं ही तर मूलद्रव्यं. झाड ती मोडू शकत नाही, मातीतून उचलून पानात ठेवतं. पान गळलं की पुन्हा मातीत. भाताला तर कॅडमियम नकोच असतं. पण मँगेनीज हे पोषकद्रव्य आत घेण्याच्या वाटेनंच ते मुळात शिरतं. जपानमध्ये जिंझू नदीकाठच्या भातशेतीत खाणीचं कॅडमियम असलेलं पाणी गेलं. तो तांदूळ खाणाऱ्यांची, त्यातही बायकांची, हाडं इतकी ठिसूळ झाली की रोगाचं नावच पडलं 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. ती शेतं कुठल्या झाडानं साफ केली नाहीत. दूषित माती हटवून, गाडून, वर चांगली माती घालण्याचं काम १९७९ पासून २०१२ पर्यंत चाललं.

तुमच्या गावच्या नाल्याकाठच्या पालकाबद्दल विचारलंत. पालक पानात कॅडमियम साठवू शकतो, आणि ते पानाच्या आत असतं. धुतल्यानं वरची धूळ जाते, ते जात नाही. माती आणि पानं दोन्ही प्रयोगशाळेत तपासून घ्या, अहवाल येईपर्यंत ती भाजी घरात आणू नका, विशेषतः लहान मुलांसाठी.

'पचवतात' हा शब्द लेखातून आजच काढला. तिथे आता 'साठवतात' आहे.