खुलासा : पट्टा आवळून, गोळी घेऊन पळणं हा कंबरदुखीवर इलाज नाही

पोलीस भरतीच्या १६०० मीटरची तयारी करणाऱ्या कोल्हापुरातल्या पोरांत सल्ला फिरतोय : "कंबर धरली? पट्टा आवळ, गोळी घे, पळ." हे चूक आहे. गोळीनं दुखणं दबतं, कारण तसंच राहतं. शिवाय घामानं पाणी कमी झालेल्या अंगात डायक्लोफिनॅकसारखी गोळी मूत्रपिंडाला जड जाते.

मूळ बहुधा लांब टाकलेल्या ढांगा, कमजोर पोट-नितंब आणि एकदम वाढवलेलं अंतर. अंथरुण धरणंही नकोच. चार-पाच दिवस वेगाचा सराव बंद, रोज २०-३० मिनिटं चाला. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचला : १० वेळा, तीन फेऱ्या. मग डांबरीऐवजी मातीवर, आखूड पावलांनी सुरुवात. (भरतीतल्या गोळाफेकीचा सराव तोवर राहू दे.)

कळ पायात उतरली तर डॉक्टर. जांघ बधिर झाली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच क्षणी दवाखाना, भरती उद्या असली तरी.