पीईआय ५ म्हणजे घरभर लावायची टाइल? तो मेसेज पुढं ढकलायच्या आधी हे वाचा

टाइल घेताना पीईआय (वरचा थर चालून किती झिजतो त्याचा नंबर) बघा, असं सांगणारा तो व्हॉट्सॲप मेसेज आमच्या घरातल्या सगळ्या ग्रुपवर फिरून आलाय. "दुकानदार हे कधीच सांगणार नाही" अशी सुरुवात, मधे हिरवे टिकमार्क, शेवटी "घर बांधणाऱ्या प्रत्येकापर्यंत पोचवा". मी दुर्लक्ष करत होतो, येऊ दे म्हणलं. पण परवा औशाहून आप्पांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा फोन आला, की बाथरूमच्या जमिनीला टाकायला चकचकीत दोन बाय चार फुटाची टाइल पसंत केली, पीईआय ५ आहे, ॲडव्हान्स पण देऊन आलो. त्या घरात ऐंशीच्या पुढची आजी आहे, गुडघे गेलेली. मग मात्र डोकं फिरलं. मी साईटवरच असतो, टाइलचं काम रोज डोळ्यासमोर चालू असतं, आणि लोक इथं फॉरवर्ड बघून लाखाचा माल उचलायलेत.

मेसेजमधे काय म्हणलंय ते थोडक्यात: टाइल घेताना फक्त पीईआय नंबर बघा, ५ म्हणजे एक नंबर. ज्या टाइलवर पीईआय नाही ती डुप्लिकेट. पीईआय ५ वाली घासत नाही, घसरत नाही, फुटत नाही, म्हणून हॉल, बाथरूम, भिंत, पोर्च सगळीकडं तीच टाका. दुकानात किल्लीनं ओरखडून बघा, मागून पाणी टाकून बघा. आणि व्हिट्रिफाइडला (पाणी जवळजवळ न पिणारी घट्ट टाइल) जॉइंट, म्हणजे दोन टाइलमधली फट, सोडायची गरज नाही, मिस्त्री उगाच सोडतो.

आता एकेक घेऊ.

"फक्त पीईआय बघा"

पीईआय हा दर्जाचा नंबर नाहीच. वरचा ग्लेझ, म्हणजे काचेसारखा थर, चालून चालून किती झिजतो, तेवढंच तो सांगतो. आयएसओ १०५४५-७ नावाचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, त्यात ही टेस्ट लिहिलेली आहे आणि ती वाचली की अर्धा मेसेज तिथंच संपतो. टाइलच्या तुकड्यावर स्टीलचे बारके गोळे, कोरंडम नावाच्या कडक खनिजाची पूड आणि थोडं पाणी टाकून मशीनवर फिरवतात. १००, १५०, ६०० करत फेऱ्या वाढवत नेतात, मग तुकडा धुवून वाळवून ३०० लक्स उजेडात २ मीटरवरून माणूस उघड्या डोळ्यानं बघतो की झिजलेला भाग वेगळा दिसतोय का. १५० फेऱ्यांना दिसला तर वर्ग १, ६०० ला दिसला तर २, असं वर जात १२,००० फेऱ्यांनंतरही दिसला नाही आणि वर डागाची टेस्टही पास झाली तरच ५. संपलं. ह्यात कुठंही वजन टाकून टाइल मोडून बघत नाहीत, ओल्या टाइलवर कुणी चालून बघत नाही, पाणी किती पितंय तेही बघत नाहीत. बैल घेताना दात बघतात ते बरोबरच आहे, पण दातावरून तो मारका आहे का ते कळत नाही, तसलंच हे.

आणि टेस्ट डोळ्यानं बघायची असल्यामुळं रंगाचाही फरक पडतो. काळ्या चकचकीत टाइलवर झीज लगेच दिसते, पांढुरक्या मॅटवर तेवढीच झीज लपून जाते. म्हणून गडद ग्लॉसी टाइलचा नंबर कमी आला म्हणजे कंपनीनं फसवलं असं काही नसतं.

"पीईआय नाही म्हणजे डुप्लिकेट"

पीईआय फक्त ग्लेझ असलेल्या टाइलला लागू आहे. डबल चार्ज (वर रंगीत मालाचा जाड थर) किंवा फुल बॉडी (आरपार एकच माल) व्हिट्रिफाइडला वर ग्लेझच नसतो, रंग खोलवर गेलेला असतो, मग झिजणार काय न दिसणार काय. त्यांची टेस्ट वेगळी असते, चाकानं खाच पाडून किती घन मिलिमीटर माल गेला ते मोजतात, आणि सगळ्यात कमी पाणी पिणाऱ्या गटाला १७५ च्या वर जायची परवानगी नाही. म्हणजे गंमत बघा, दुकान, दवाखाना, मंगल कार्यालय असल्या दणकट वापराला जी टाइल खरंच चांगली, तीच ह्या मेसेजच्या हिशोबानं डुप्लिकेट!

"पीईआय ५ घसरत नाही, बाथरूमला बिनधास्त टाका"

हे ज्यानं लिहिलं त्याला त्याच्याच बाथरूममधे साबणाच्या पाण्यात उभं करावं असं वाटतंय. सगळा मेसेज एकीकडं आणि ही एक ओळ एकीकडं, कारण बाकीच्यात पैसे जातात, ह्यात खुब्याचं हाड जातं.

झीज आणि पकड ह्यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही. काचेसारखी गुळगुळीत टाइल झिजायला लै चिवट असू शकते आणि पाणी पडलं की त्याच टाइलवर पाय सरकतो. पकडीचं रेटिंग वेगळं आहे. जर्मन पद्धतीत उतरती फळी असते, तिच्यावर टाइल बसवतात, इंजिन ऑइल ओततात आणि बूट घातलेला माणूस त्याच्यावर मागंपुढं चालतो, फळी हळूहळू तिरकी करत जातात, जिथं त्याचा पाय सुटायला लागतो तो अंश लिहून घेतात. ६ ते १० अंश म्हणजे आर ९, १० ते १९ म्हणजे आर १०, १९ ते २७ म्हणजे आर ११, असं आर १३ पर्यंत. अनवाणी पायाची टेस्ट अजून वेगळी, साबणाच्या पाण्यावर, तिचे वर्ग ए, बी, सी. १२ अंशापासून ए, १८ पासून बी, २४ च्या पुढं सी. आपण न्हाणीत बूट घालून जात नाही, तेव्हा खरं तर हा दुसरा नंबर आपल्या कामाचा. घरच्या बाथरूमला मी आर १० च्या खाली जाऊ देत नाही, म्हातारं माणूस असलं तर आर ११, आणि अनवाणी वर्ग मिळाला तर बी.

"अँटीस्किड" एवढं छापलंय म्हणून समाधान मानू नका, तो शब्द कुणीही छापतो. आर किती ते विचारा. दुकानदार "सगळ्या सेमच असतात" म्हणला तर कंपनीचा कॅटलॉग मागा, मागच्या पानांवर बारीक अक्षरात टेक्निकल तक्ता असतो, तिथं असतंय सगळं. आणि उगाच आर १२, आर १३ पण घेऊ नका, ते वर्कशॉपला आणि मोठ्या भटारखान्याला. आपल्याकडं बोअरचं पाणी, त्यातले क्षार खडबडीत टाइलच्या बारीक खाचात बसतात, पांढरे थर चढतात, मग बाई ॲसिड ओतते, ॲसिडनं टाइलला फार काही होत नाही पण जॉइंटमधलं सिमेंट खाल्लं जातं आणि पाणी खाली उतरायला लागतं.

अजून एक, दोन बाय चारची टाइल बाथरूमच्या जमिनीला घेऊच नका, पीईआय काही का असेना. बाथरूमला चारी बाजूनं जाळीकडं उतार पाहिजे. एवढी मोठी टाइल चारीकडं वळत नाही, मिस्त्री एक तर कोपऱ्यापासून तिरकी कापतो नाहीतर उतारच देत नाही, मग कमोडच्या मागं पाणी साचून राहतं. एक बाय एकची मॅट घ्या. तिला जॉइंट जास्त येतात, पायाला त्या जॉइंटचीही थोडी पकड मिळते.

"भिंतीलाही तीच"

भिंतीवर कोण चालतंय? भिंतीला पीईआय ० असला तरी चालतो. उलट भिंतीची साधी सिरॅमिक टाइल मुद्दाम पाणी पिणारी असते, १० टक्क्यांच्या वर, हलकी असते, सिमेंटला चांगली धरते. व्हिट्रिफाइड ०.५ टक्के किंवा त्याहून कमी पिते, त्यामुळं नुसत्या सिमेंटच्या घोळावर ती भिंतीला नीट चिकटत नाही, ॲडेसिव्हच, म्हणजे टाइल चिकटवायचा खास मसाला, लागतं. मेसेज वाचून जमिनीची टाइल भिंतीला लावली, ॲडेसिव्हचे पैसे वाचवले, आणि दोन पावसाळ्यांत गिझरच्या शेजारची टाइल खाली आली, हे मी बघितलंय.

"फुटत नाही"

ताकद बघायची तर ब्रेकिंग स्ट्रेंग्थ (किती जोरानं मोडते) आणि एमओआर (वाकवताना माल किती ताण सोसतो) बघा. साडेसात मिलिमीटर किंवा जाड व्हिट्रिफाइडला ब्रेकिंग स्ट्रेंग्थ कमीत कमी १३०० न्यूटन लागते, तेवढ्याच जाडीच्या भिंतीच्या टाइलला ६००. पण कागदावर कितीही असू द्या, खाली पोकळी राहिली की संपलं. मिस्त्री घाईत असला की टाइलच्या मागं चार कोपऱ्यात चार आणि मधे एक असे गोळे ठेवतो आणि दाबून देतो. वरून लेव्हल एकदम बरोबर दिसते. नाण्यानं ठोकून बघा, भरलेल्या जागी खणखणीत आवाज येतो, पोकळ जागी बद्द. त्या बद्द जागेवर गॅसची टाकी आदळली की कोपरा गेलाच. पोर्चमधे गाडी, ट्रॅक्टर येणार असेल तर जाड पार्किंग टाइलच घ्या, हॉलची नको.

किल्ली आणि पाणी

किल्लीनं काही सिद्ध होत नाही. बऱ्याचदा टाइलवर जी काळी रेघ उठते ती किल्लीचाच धातू असतो, पुसला की जातो. टाइलचा खरा वैरी वाळू आहे. तिच्यातलं क्वार्ट्झ मोह्सच्या कडकपणाच्या मापावर ७, बहुतेक ग्लेझपेक्षा कडक. चपलेला चिकटून आलेली वाळू आणि मुरूम पाच वर्षं रोज घासला जातो, किल्ली नाही. दारात जाड पायपुसणं टाका, त्याचा फायदा नंबरापेक्षा जास्त होईल.

पाण्याचं मात्र अर्धं खरं आहे, मान्य करावं लागेल. टाइल उलटी करून मागं थोडं पाणी टाकलं आणि ते बघता बघता आत शोषलं, तर ती व्हिट्रिफाइड नाही, दुकानदार काहीही म्हणू दे. पण ३ टक्के का ०.५ हे तसं कळत नाही, त्याला लॅब लागते. पेटीवर आयएस १५६२२ हे टाइलचं भारतीय स्टँडर्ड आणि त्याखाली गट लिहिलेला असतो, बी-वन-ए म्हणजे सगळ्यात कमी पाणी पिणारी, बी-थ्री म्हणजे भिंतीची. तेवढं वाचा.

आणि हॉलमधे पीईआय १ किंवा २ ची टाइल टाकू नये हेही खरं, घराला ३ पुरतो, किचन, जिना आणि जिथनं सारखी ये-जा आहे तिथं ४. ५ हा दुकानाचा, शाळेचा, एसटी स्टँडचा नंबर. घरी टाकला तर बिघडत काही नाही, पैसे तेवढे जास्त जातात.

"जॉइंट सोडू नका"

सोडा. दोन ते तीन मिलिमीटर स्पेसर (टाइलच्या मधे ठेवायचे बारके तुकडे) लावून सोडा, गच्चीवर अजून जास्त. आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ डिग्री तापमान जातं, टाइल फुगते, जागा नाही मिळाली की मधनंच दोन टाइल तंबूसारख्या वर उठतात. मिस्त्री सोडत असेल तर त्याला सोडू द्या, उगाच मोबाईल दाखवू नका.

आप्पांना सांगितलंय की ॲडव्हान्स परत नाही मिळाला तरी त्याच पैशात माल बदलून घ्या, ती दोन बाय चार हॉलला वापरा आणि बाथरूमला आर ११ मॅट. पेट्या उतरून घेताना सगळ्यांवर बॅच नंबर आणि शेड नंबर एकच आहे का ते तपासा, आणि दहा टक्के जास्तीच्या घ्या, कारण नंतर तीच शेड मिळत नाही.