करवंटीचा कोळसा पाण्याच्या टाकीत टाकू नका

"नारळाची करवंटी जाळून कोळसा सोसायटीच्या टाकीत सोडा, त्यातला सच्छिद्र कार्बन उत्प्रेरक असतो, तो जंतू आणि रसायनं कायमची नष्ट करतो," असा मेसेज दादर-परळच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि प्रश्न पिण्याच्या पाण्याचा असल्यामुळे गप्प राहवत नाही.

करवंटीपासून उत्तम सक्रिय कार्बन, म्हणजे खास प्रक्रियेने अतिशय सच्छिद्र केलेला कोळसा, बनतो, हे खरं. पण त्यासाठी कोळसा साधारण ८०० ते १००० अंश सेल्सिअसला वाफेत तापवावा लागतो. तेव्हा कुठे त्यात असंख्य बारीक छिद्रं पडून एका ग्रॅममध्ये १००० चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग तयार होतो. मी रसायनशास्त्र शिकवते. मेथिलीन ब्लूच्या निळ्या द्रावणात सक्रिय कार्बन घालून हलवलं आणि गाळलं, की पाणी नितळ होतं. घरी जाळलेल्या करवंटीचा कोळसा घातला तर निळेपणा बराचसा तसाच राहतो.

शिवाय ही छिद्रं रसायनं धरून ठेवतात. भरली की काम थांबतं. कारखान्यातला उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ, वेगळा. तिथे कार्बनवर पॅलेडियमसारखा धातू बसवून हायड्रोजन जोडण्याच्या अभिक्रिया करतात. जंतू मारणं हे त्या उत्प्रेरकाचंही काम नाही.

खरा धोका पुढेच आहे. महापालिकेच्या पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून मुद्दाम थोडं क्लोरीन ठेवलेलं असतं. कोळसा चांगला निघालाच, तर तो नेमकं तेच काढून घेतो, मग टाकीत जंतूंना मोकळं रान. टाकी वेळच्या वेळी धुवून घ्या, पावसाळ्यात पाणी उकळून प्या. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधी कुणाला पाठवला असेल, तर त्यांना हा खुलासाही पाठवा.