झेंडू लावला म्हणून सफरचंद लागत नाही

"सफरचंदाभोवती झेंडू, लसूण आणि मेथी लावा, कीड येत नाही, खत लागत नाही, एकच झाड भरभरून फळतं" असा मेसेज सध्या बागकामाच्या ग्रुपवर फिरतोय. सोबतीची पिकं मला मनापासून आवडतात, म्हणूनच त्यांच्या नावावर असलं काही खपवलेलं बघवत नाही.

एकच झाड पुरे, हे आधी घेते कारण माणसं चार-चार वर्षं वाट बघत बसतात ती यामुळेच. सफरचंदाच्या बहुतेक जातींना स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या जातीचा लागतो, झेंडूवर कितीही मधमाश्या आल्या तरी हा पराग त्या आणणार कुठून? हिमाचलात रॉयल डिलिशिअस या जातीच्या बागेत मुद्दाम गोल्डन डिलिशिअस, रेड गोल्ड लावतात, फुलोऱ्यात मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणतात, आणि तरी कमी पडलं तर दुसऱ्या जातीच्या फुललेल्या फांद्या पाण्यात खोचून झाडाला टांगतात. शिवाय रॉयलला ७ अंशांखालची थंडी हजारेक तास हवी, ती पुण्यात मिळत नाही. आपल्याकडे लावायचंच तर कमी थंडीवाली अ‍ॅना आणि जोडीला डॉर्सेट गोल्डन.

आता कीड. झेंडूच्या मुळांनी मातीतले सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म जंत) कमी होतात हे खरंय. पण सफरचंदाचा लोकरी मावा (उसावरचा वेगळा) फांदीच्या बेचक्यात कापसासारखा चिकटतो, बोटाने चिरडला की लालसर डाग पडतो, त्याला झेंडू काही करत नाही. त्याला संपवते अ‍ॅफेलिनस माली नावाची, माव्याच्या अंगात अंडी घालणारी इवलीशी परोपजीवी गांधीलमाशी, मावा काळा पडलेला आणि पाठीला भोक दिसलं की समजा तिने काम केलंय. अशा मित्रकीटकांना छोट्या उघड्या फुलांतला मध लागतो, म्हणून कोथिंबीर, शेपू, बडीशेप लावा आणि थोडी तरी फुलावर येऊ द्या, सगळी खुडू नका. लसणाचा वास जमिनीलगत राहतो, फांद्यांवरची कीड त्याने जात नाही.

राहिलं खत. मेथी हवेतलं नत्र धरते खरं, पण ते उभ्या पिकातून झाडाला फारसं मिळत नाही, बरंचसं तिच्याच पाल्यात असतं. फुलायच्या आधी कापून तिथेच कुजू द्या, मग उपयोग. शेणखत तरीही लागणारच.

आणि हे सगळं खोडाला चिकटून लावू नका प्लीज, पहिली दोन-तीन वर्षं कोवळ्या मुळांचं पाणी हीच पिकं पळवतात. मीटरभर गोल मोकळा ठेवून त्यात पालापाचोळा घाला, तोही खोडापासून चार बोटं लांब, नाहीतर ओल धरून बुंधा कुजतो.