वॉरंटी परवाच गेली

लॅपटॉप बंद पडला तेव्हा त्याची एक वर्षाची वॉरंटी नुकतीच संपलेली होती. अधिकृत सेवा केंद्राच्या काउंटरवरील तरुणाने बिलावरची तारीख पाहिली आणि यंत्राला हातही न लावता निदान केले, "सर, मदरबोर्ड गेलाय. आउट ऑफ वॉरंटी आहे." 62,000 रुपयांच्या लॅपटॉपला 41,000 रुपयांचा मदरबोर्ड, आणि दुरुस्ती नको असली तरी तपासणीचे 590 रुपये भरावेच लागतील. पैसे भरून पावती घेऊन मी बाकावर टेकलो, आणि तेथे मला ते काका भेटले.

काकांच्या मांडीवर प्रिंटर होता. मूळ खोक्यात, मूळ थर्माकोलसह, वरून सुतळीने बांधलेला. त्यांनी माझ्याकडे आणि मग लॅपटॉपकडे पाहिले.

"काय झालं?"

"मदरबोर्ड."

"वॉरंटी?"

"परवाच संपली."

काकांनी डोळे मिटून मान हलवली आणि समाचाराला आलेला माणूस विचारतो तशा सुरात विचारले, "अरेरे! आधी काही लक्षणं?"

दिवाळीपासून जरा गरम होत होता, असे मी सांगून टाकले. "तेव्हाच दाखवायला हवं होतं हो," ते म्हणाले. गरम तर सगळेच लॅपटॉप होतात, हे माझे म्हणणे त्यांनी ऐकून घेतले नाही. त्याऐवजी पिशवीतून एक दोनशेपानी वही काढली. तिच्यात मिक्सर, गीझर, पाण्याचा फिल्टर, सुनेचा हेअर ड्रायर अशा घरातील प्रत्येक वस्तूच्या नावापुढे खरेदीची तारीख निळ्या शाईत आणि वॉरंटी संपण्याची तारीख लाल शाईत लिहिलेली होती.

"लाल तारखेच्या महिनाभर आधी मी प्रत्येक वस्तूची तक्रार नोंदवतो."

"पण वस्तू बिघडलेलीच नसेल तर?"

"असं नसतं हो. आपण नीट बघत नाही."

"या प्रिंटरला काय झालंय?"

"आवाज करतो."

"कधी?"

"छापताना."

तेवढ्यात त्यांचा टोकन क्रमांक पुकारला गेला. आतल्या तंत्रज्ञाने प्रिंटर तपासून तो उत्तम चालत असल्याचे सांगितले, पण काका काउंटरवरून हलेनात. त्यांना जॉबशीट, म्हणजे तक्रार नोंदवल्याचा केंद्राचा कागद, हवी होती, आणि तीवर तक्रार मराठीत हवी होती. रांगेतील सर्वांच्या देखत बराच वाद झाला आणि शेवटी "ग्राहकाच्या म्हणण्यानुसार आवाज येतो" असे तारीख-शिक्क्यासह लिहून मिळाले. "उद्या खरंच बिघडला, तर वॉरंटीत असतानाच कळवलं होतं हे दाखवता येतं," कागदाची घडी वहीत ठेवत ते मला म्हणाले. मला त्यांचा राग आला, कारण त्यांचे म्हणणे बरोबर होते. हा माणूस विक्षिप्त नाही. या व्यवस्थेत शहाण्या माणसाला जसे वागावे लागते तसेच तो वागतो, एवढेच. पण बाजारातून एक यंत्र आणले म्हणून माणसाने आयुष्यभर जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालय चालवायचे की काय?

वास्तविक कायदा इतका तारखेला चिकटलेला नाही. 20 जुलै 2020 पासून अमलात आलेल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दोषाची जी व्याख्या आहे, तीत वॉरंटी चालू असण्याची अट नाही. दोष मुळातलाच होता, निर्मितीच्या वेळचा होता, हे सिद्ध झाले तर वॉरंटीनंतरही दाद मागता येते. तक्रार स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, वकील सक्तीचा नाही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. येथपर्यंत वाचून माझी छाती फुगली होती. ती पुढच्या वाचनाने बसली. दोष मुळातला होता हे सिद्ध करायचे मी. त्यासाठी प्रयोगशाळेत तपासणी करायची झाली, तर तिचे शुल्क आयोग आधी तक्रारदारालाच भरायला सांगू शकतो. निकाल तीन महिन्यांत आणि तपासणी लागल्यास पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असेही कायदा म्हणतो. "प्रयत्न" या शब्दावर किती तारखा बसतात, हे आयोगाच्या व्हरांड्यात उभे राहिलेल्या कोणालाही विचारावे. उत्पादकाकडे अभियंते आहेत, सुटे भाग आहेत, बिघाडांच्या नोंदी आहेत. माझ्याकडे बिल आहे, तेही थर्मल कागदावरचे, अर्धे उडालेले.

तरीही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली. कंपनीचे उत्तर अपेक्षेपेक्षा लवकर आले. वॉरंटी संपली असली तरी "सद्भावना म्हणून" मदरबोर्डवर दहा टक्के सवलत देण्यात येत आहे, असे त्यात होते. म्हणजे त्यांच्या सद्भावनेची किंमत 4,100 रुपये आणि माझ्या सद्भावनेची 36,900. मी कळवले की सवलत राहू द्या. मदरबोर्डवरील नेमके काय जळाले आणि कशामुळे जळाले, याचा तपासणी अहवाल तेवढा लेखी द्या. त्यावर तो अहवाल हा कंपनीचा अंतर्गत दस्तऐवज असल्याने ग्राहकाला देता येत नाही, असे उत्तर मिळाले.

मी आता स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली आहे आणि तीत एकच प्रश्न विचारला आहे: अहवाल अंतर्गत असेल, तर त्याचे 590 रुपये बाहेरून का घेतले?