माळाला झाडं नकोत, कुंपणही नको

पावसाळ्याच्या तोंडावर एक मेसेज फिरतो : ‘अभयारण्यांतल्या मोकळ्या जागी झाडं लावा, गवत कार्बन धरत नाही; कुंपण घाला, गुरं बाहेर काढा. हवामानबदलाचं बाकी निसर्ग बघून घेईल.’ पाठवणाऱ्यांची तळमळ खरी असते, म्हणूनच मुद्द्यांना उत्तर देतोय.

मोकळी जागा कुठली? सोलापूरजवळचं नान्नज, सुप्याचं मयूरेश्वर ही अभयारण्यं माळरानाचीच. मारवेल, पवन्या, कुसळी ही गवतं हेच इथलं जंगल. माळढोक पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. शत्रू लांबूनच दिसावा लागतो त्याला. त्याच्याचसाठी राखलेल्या नान्नजच्या माळावर ग्लिरिसिडिया हे झाड लावलं गेलं. आज तिथे माळढोक जवळपास दिसेनासा झालाय. वाढतं बागायत, विजेच्या तारा हीही कारणं आहेतच. पण उरलासुरला माळ आपण आपल्या हातांनी झाकला.

‘गवत कार्बन धरत नाही’ हे तर साफ चूक. माळाचा बहुतेक कार्बन मुळांत आणि मातीत असतो. वणव्यात वरचं जळतं, खालचं टिकतं. एप्रिलमध्ये मारवेलचा ठोंब उपटून बघा. हातात वाळक्या काड्या येतात, मूळ जमीन सोडत नाही. वळवाची एखादी चांगली सर झाली की त्याच ठोंबातून कोंब फुटतात. पाऊस असा लहरी झालेला असताना, टँकरने जगवायच्या रोपासाठी हे गवत खणून काढायचं?

गुरांचं म्हणाल, तर राजस्थानात भरतपूरचं केवलादेव हे पक्ष्यांचं राष्ट्रीय उद्यान बघा. 1982 मध्ये तिथली म्हशींची चराई बंद केली. पाणथळीत गवत माजलं, पक्ष्यांना लागणारं उघडं पाणी आक्रसलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) अभ्यासातून कळलं, की म्हशीच ते पाणी मोकळं ठेवत होत्या. बेसुमार चराई वाईटच. पण किती गुरं, कुठे, कोणत्या महिन्यांत, हे ठरवता येतं.

राहिलं कुंपण. केवलादेवचं पाणी बाहेरून, मुख्यतः गंभीर नदीवरून यायचं; वर पांचना धरणात ते अडलं, आणि आत कितीही पहारा असला तरी तळी कोरडी पडली. मयूरेश्वर तर जेमतेम 5 चौरस किलोमीटर. दुष्काळात चिंकारा चाऱ्यापाण्यासाठी बाहेर पडणारच, आणि लांडग्याला एवढा माळ पुरतच नाही. त्यांना शेजारची गायरानं, पडीक रानं लागतात. जाळीचा पैसा ती गायरानं प्लॉटिंग आणि खाणींपासून वाचवायला लावा, आणि चराईचं वेळापत्रक तिथल्या धनगरांना सोबत घेऊन ठरवा.