विश्वामित्रीला भिंत नको, जागा हवी

2024 च्या ऑगस्टमध्ये बडोद्यातल्या विश्वामित्री नदीचं पाणी 35 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 26 फूट. त्या दिवसांत मगरी सोसायट्यांच्या आवारात शिरल्या आणि तेव्हापासून आमच्या बडोद्यात घरोघरी एकच बोललं जातं: नदीला दोन्ही बाजूंनी पक्की भिंत घाला आणि मगरी कुठेतरी लांब नेऊन सोडा. अकोट्यातली माझी मावशीही फोनवर हेच म्हणते. तिच्या घरात कमरेएवढं पाणी होतं, त्यामुळे तिचा राग मला समजतो. तरीही हा उपाय मला पटत नाही.

मावशी राहते ते अकोटा म्हणजे जुनं अंकोट्टक. तिथे सापडलेल्या ब्राँझच्या जैन मूर्ती आज बडोद्याच्या संग्रहालयात आहेत. इ.स. 812 च्या ताम्रपटात नदीपलीकडच्या वडपद्रक गावाचा, म्हणजे मूळ बडोद्याचा, उल्लेख येतो आणि पुढे शहर वाढलं ते त्या पूर्वेच्या बाजूला. जुन्या वस्त्या उंचवटा धरून बसत. मधली सखल जमीन, कोतरं म्हणजे नदीला मिळणाऱ्या घळी, तळी पावसाळ्यात पाण्याची असत. सयाजीरावांनी 1879 मध्ये नदीकाठी उभी केली ती कमाटी बाग. बागेत पाणी आलं तर ओसरल्यावर गाळ उपसता येतो, कुणाचा संसार वाहून जात नाही. कोतरं बुजवून त्यावर इमले चढले ते आपल्या पिढ्यांत.

मगरींचं म्हणाल, तर त्या बाहेरून आलेल्या नाहीत. मादी उन्हाळ्याच्या तोंडाशी काठाच्या उतारावर, पुराची रेघ चुकवून, मातीत खड्डा खणते आणि अंडी घालून बुजवते. पिल्लं आतून आवाज देऊ लागली की तीच माती उकरून त्यांना बाहेर काढते. याच काठात मगरींची बिळंही असतात. त्या उताराला काँक्रीट लावलं की अंडी घालायला जागा नाही, बिळालाही नाही. मग मगर रस्त्यावर दिसली तर दोष तिचा कसा?

मी नेदरलँड्समध्ये नाइमेखनला राहतो. 1995 मध्ये पुराच्या भीतीने या देशात अडीच लाख माणसं हलवावी लागली. त्यानंतर बांध नुसते उंच करत राहण्याऐवजी नदीला जागा परत द्यायचं ठरलं. आमच्याकडे वाल नदीचा बांध समोरच्या काठावर, लेंटच्या बाजूला, 350 मीटर मागे नेला आणि शेजारून नवा प्रवाह खणला. त्यासाठी 50 च्या आसपास घरं पाडली. लोक खूप भांडले, आणि भांडणारच. घर सोडणं कुठल्याही देशात सोपं नसतं.

डच लोकांना पैसे मोजून जी जमीन परत घ्यावी लागली, तशी थोडी तरी बडोद्यात अजून मोकळी आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही विश्वामित्रीबद्दलच्या 2021 च्या आदेशात पूरमैदान, कोतरं, उपनद्या यांची आखणी आणि रक्षण करा, असंच सांगितलं. ती रेघ आधी जमिनीवर मारा, नकाशा लोकांसमोर लावा, मग नदीच्या रुंदीकरणाचं बोला. आणि हलवायची वेळ आलीच, तर नेहमीसारखं काठावरच्या झोपड्यांपासून सुरू करू नका. झोपडीवाल्याला पर्यायी घर द्यायला पैसा नाही आणि पूरमैदानातल्या नव्या इमारतीला परवानगी मात्र आहे, हे मला अजिबात मान्य नाही.

मावशीच्या सोसायटीमागे एक कोतर आहे. पाडलेल्या घरांच्या विटा-मातीचे ट्रक रात्री तिथेच रिकामे होतात. नदीसाठी जेसीबी लावायचा असेल तर पहिला तिथे लावा.